मूरु म्हटलं की डावा हुक

बेळगावातल्या आमच्या बॉक्सिंगच्या शेडमध्ये ठोसे कानडीत मोजतात. ओंदु (एक) म्हणजे डाव्याचा जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा; एरडु (दोन) म्हणजे उजव्याचा क्रॉस, मागच्या हाताचा सरळ ठोसा; मूरु (तीन) म्हणजे डावा हुक, कोपर वाकवून बाजूनं मारायचा ठोसा. शिकवणारे काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, घरची भाषा मराठी. पण वडगावातली निम्मी पोरं कानडी बोलणारी, त्यामुळे आकडे कानडीत आणि शिव्या मराठीत, अशी तडजोड कधीतरी होऊन गेलीय. माझं एरडुपर्यंत झकास चालायचं. मूरु आला की टांगलेली बॅग नुसती झुलायची.

बॅग झुलणं हे काही कौतुकाचं नाही. ठोसा नीट बसला तर बॅग जागच्या जागी दचकते, मधेच दुमडते आणि धप्प असा भरीव आवाज येतो. ढकलली गेली तर मात्र लांब जाऊन परत आपल्याच अंगावर येते. आमची बॅग तर मागावरच्या चिंध्या ठासून भरलेली. शहापूर-वडगावात त्यांना काय तोटा! वापरून वापरून चिंध्या खाली बसतात, मग वरचा भाग मऊ आणि बुडाचा भाग दगड होतो. त्या मऊ भागावरसुद्धा माझा डावा चापट मारल्यासारखा वाजायचा.

पोरं म्हणायची, उजवखोऱ्या माणसाचा डावा हात कच्चाच असणार. मला हे पटत नव्हतं. मी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, टर्नर आहे. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवून कापायच्या यंत्रावर, दिवसभर माझा डावा हात टूल लांबीला सरकवणाऱ्या कॅरेजच्या चाकावर आणि उजवा टूल आत-बाहेर करणाऱ्या क्रॉस स्लाइडवर असतो. दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळं काम करतात आणि दोघांनाही माप कळतं. शिवाय आमच्या शॉपमधल्या जुन्या टर्नरमामांनी मला सुरुवातीलाच कानशीची मूठ डाव्या हातात धरायला लावली होती. उजव्यात धरली की डावा हात जॉब पकडून फिरणाऱ्या चकच्या वरून पुढे जातो, बाही अडकली तर संपलंच. पहिले काही महिने जॉबवर कानस नुसती घसरायची, मग बसली. थोडक्यात, डाव्याला अक्कल होती. मग जोर कुठे अडकत होता?

काकांनी एकदा मला मधे उभं केलं. “हात छातीवर बांध आणि मूरु मार.” हातांशिवाय हुक? “व्हय, मार की.” आधी एरडु करून बघितला, तर हात बांधलेले असूनही उजवी टाच आपोआप उचलली गेली, खुबा पुढे आला, खांदा त्याच्यामागून आला. मूरु म्हटल्यावर मी जागच्या जागी थोडा हललो आणि थांबलो. पोरं हसली. काका म्हणाले, “बघितलंस? हातानं मारूलायस तू. डावा पाय नुसता खांबासारखा उभा.”

त्या रात्री विचार करताना उलगडा झाला. आपण उजवखोरे लोक लहानपणापासून चिंचा पाडायला दगड मारतो, बॉल टाकतो, भाला फेकतो, तेव्हा ढकलतो तो उजवा पाय. डावा पाय पुढे पडतो आणि अंग थांबवतो. म्हणजे माझ्या डाव्या पायानं जन्मभर ब्रेकचं काम केलेलं. आणि हुक त्याच पायाला सांगतो की आता तू ढकल, तूच फीर. पुढचे कित्येक आठवडे मी हाताकडे बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल.

कामावरून आलो की घराच्या गच्चीवर आधी नुसते पाय. डावा पाय पुढे, गुडघे सैल. वजन आधी डाव्या पायावर घ्यायचं, जरासं बसायचं, मग चवड्यावर फिरून टाच बाहेर काढायची आणि त्याबरोबर डावा खुबा उजवीकडे आणायचा. हे इतकं सावकाश करायचं की शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, “तुमच्या पोराचं कंबर धरलंय काय?” सावकाशीचा फायदा असा की वेगात झाकली जाणारी चोरी उघडी पडते. मला दिसायचं की खांदा खुब्याच्या आधीच धावतोय, किंवा टाच जमिनीला चिकटून बसलीय आणि पीळ गुडघ्यावर येतोय. गुडघा दुखायला लागला तर समजावं की पाय फिरत नाही.

पाय फिरायला लागल्यावर हात जोडला. कोपर साधारण काटकोनात, पुढचा हात जमिनीला समांतर, आणि हा कोन ठोसाभर बदलू द्यायचा नाही. लेथवर टूल घट्ट पकडलेलं असतं आणि फिरतो तो जॉब, तसंच हे: हात टूल, फिरायचं ते अंगानं. हात मागे ओढून मग मारायचा मोह फार होतो. त्यानं जोर वाढल्यासारखा वाटतो, पण समोरच्याला तार केल्यासारखी आगाऊ खबर जाते आणि कोनही बिघडतो. मूठ शेवटपर्यंत सैल ठेवायची, लागतानाच आवळायची, तेवढ्यात नाकातून श्वास फुसकन सोडायचा. सुरुवातीपासून आवळलेली मूठ म्हणजे सगळा हात जड आणि मंद.

जोरासाठी दोनच गोष्टींनी फरक पडला, असं माझं मत. एक, फाटलेल्या फुटबॉलमध्ये वाळू आणि चिंध्या भरून शिवलेला चारेक किलोचा गोळा. शेडच्या मागच्या भिंतीला बाजूनं उभं राहून तो डाव्या खुब्यापासून भिंतीवर फेकायचा. हातानं फेकला तर गोळा भिंतीपर्यंत रडत जातो, कमरेनं फेकला तर आदळतो, त्यामुळे आपल्याला आपोआप कळतं. दुसरी गोष्ट, प्रत्येक व्यायाम डाव्यापासून सुरू करायचा आणि डाव्याला जितके जमतील तितकेच उजव्याला द्यायचे. उजव्याचा यात जरा अपमान होतो, पण फरक त्याशिवाय भरून निघत नाही. जोर-बैठका तालमीतल्यासारख्या होत्याच. त्या अंगाला उत्तम, पण दोन्ही हात बरोबर लागत असल्यानं बलवान बाजू गुपचूप ओझं उचलते.

स्टान्स, म्हणजे उभं राहायची ठेवण, बदलून उजवा पाय पुढे घ्यायचा प्रयोगही केला. मग डावा हात मागे जातो, त्याला लांब रस्ता मिळतो आणि मागच्या डाव्या पायाला ढकलणं म्हणजे काय ते पटकन समजतं. काकांना हे फारसं आवडत नाही, नवखा माणूस दोन्ही बाजूंनी अर्धवट राहतो म्हणतात. बॅगवर एखादी तीन मिनिटांची फेरी तसं खेळावं, पार्टनरसमोर मात्र नको, इथवर आमचं जुळलं.

जोर यायला लागला तसं मनगट कुरकुरायला लागलं. हे साहजिक होतं. मागचं इंजिन मोठं झालं, पण डाव्या मनगटानं असा धक्का कधी घेतलाच नव्हता. एका संध्याकाळी बॅगच्या त्या दगड झालेल्या बुडावर हुक बसला आणि मनगट आत मुडपलं. हाड वाचलं, पण डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. त्या काळात उजव्याचा व्यायाम चालू ठेव, असं फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मुद्दाम बजावलं. एका बाजूच्या व्यायामानं दुसरीचीही ताकद थोडी वाढते. अमेरिकेत येल विद्यापीठात 1894 मध्येच हे तपासलं गेलं होतं. परत आल्यावर साडेचार मीटरची पट्टी मनगटाला जास्तीचे वेढे देऊन बांधायला लागलो, आणि ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांवरच पडतो का ते बघायला लागलो. करंगळीच्या बाजूनं बसला तर तिच्या मागचं हाड मोडतं, त्याला ‘बॉक्सर फ्रॅक्चर’च म्हणतात. पावसाळ्यात ग्लोव्हज् वाळत नाहीत ही बेळगावची वेगळीच डोकेदुखी. आम्ही रात्री त्यात ‘तरुण भारत’ची पानं कोंबतो.

या सगळ्यात पोरं मोबाइलवर अमेरिकी हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझिअर दाखवायची. 8 मार्च 1971 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत त्यानं डाव्या हुकनं मुहम्मद अलींना आडवं केलं. त्याचा डावा हात लहानपणी दुखावलेला, नीट सरळही होत नसे. पोरं त्या हाताकडे बघायची. मी त्याच्या गुडघ्यांकडे बघत बसायचो. तो खाली बसून, अंग डावीकडे घालून मग उसळतो.

डावा हुक इतका हवाच कशाला, असं कामावर विचारतात. समोरच्याचं यकृत त्याच्या उजव्या बरगडीखाली असतं, म्हणजे बरोबर आपल्या डाव्या हाताशी. तिथं हुक बसला की माणूस क्षणभर काहीच झालं नाही असा उभा राहतो, मग पायातलं बळ जातं. हे मी आधी खाऊन शिकलो. नंतर एकदा निपाणीहून आलेल्या, माझ्यापेक्षा उंच पोराला सरावात तोच हुक अर्ध्या जोरानं लागला. तो वाकला, हात वर करून थांबला, आणि पाणी पिऊन पुन्हा उभा राहिल्यावर उजवं कोपर बरगडीला चिकटवूनच खेळला. कोपर खाली आलं की हनुवटी उघडी पडते, त्यामुळे वरचा हुकही सोपा झाला.

आता बॅग दचकते. तिसऱ्या फेरीत डावा खांदा अजून उजव्याच्या आधी थकतो, जॅब आखडतो, त्यासाठी दोरीवरच्या उड्या आणि नुसत्या जॅबच्या फेऱ्या चालू आहेत. आणि एक नवीनच दुखणं निघालंय. डावा जोरात जायला लागल्यापासून उजवा हात गालावरून खाली घसरतो. काका परवा माझ्या उजव्या गालावर पॅडची एक चापट देऊन म्हणाले, “ह्याला कोण सांभाळणार रे?” त्यामुळे सध्या उजव्या हाताच्या अंगठ्याखाली हनुवटीशी टेनिसचा चेंडू धरून मूरु मारतोय. चेंडू पडला की वीस बैठका.