गायमुखच्या चढावर

घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या चढाला लागले की माझ्या सायकलला जोडलेले छोटे टू-स्ट्रोक इंजिन धापा टाकू लागे. कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे मोठे छिद्र, बसवण्याचा शेजाऱ्यांचा सल्ला मी ऐकून पाहिला. त्याने फक्त धूर वाढला. अखेर सायलेन्सर उतरवला, तेव्हा एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडण्याच्या छिद्राच्या, कडेला काजळीचा इतका कडक थर दिसला की करंगळीही आत जाईना.

टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर पडणे आणि ताजे मिश्रण आत येणे या क्रिया जवळजवळ एकाच वेळी घडतात, त्यामुळे बाहेरची वाट चोंदली की ताज्या मिश्रणाला जागाच उरत नाही. पिस्टनने पोर्ट झाकला जाईल इतके चाक फिरवून मी तो थर लाकडी काडीने खरवडला. अशाने काजळी सिलिंडरमध्ये पडत नाही आणि पिस्टनवर ओरखडाही उठत नाही.

तेलही आता अंदाजाने नव्हे, तर लिटरभर पेट्रोलला 40 मिलिलिटर, म्हणजे 25:1 असे मोजून घालतो. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता हा समज अर्धाच खरा आहे, कारण त्याच जेटमधून जाणारे पेट्रोल तेवढे घटते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. स्पार्क प्लगचे टोक हल्ली चहाच्या रंगाचे दिसते, ही मिश्रण बरोबर असल्याची खूण. शेवटच्या वळणावर पेडल मात्र अजूनही मारावेच लागते.