मिश्री लावणाऱ्या गरोदर बाईला मी खडसावत का नाही

नवे डॉक्टर विचारतात, शहरातल्या मैत्रिणीही विचारतात: "पोटात बाळ असताना बाई दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावते, आणि तुम्ही तिच्याशी गोड बोलता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मला नर्सबाईला मिश्रीचं नुकसान समजावू नका. भाजली तरी ती तंबाखूच. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, वारेतून बाळापर्यंत पोचतं, पुढं दुधातही उतरतं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली.

पण मला आठवते ती ऊसतोडीवर आलेली एक पोरगी. सातवा महिना, अंगात रक्त कमी. तिनं आपणहून सांगितलं, "सिस्टर, मिसरी लावल्याबिगर परसाकडं हुत न्हाई. डोकं ठणकतंय." पहाटे फडात उतरायची, भाकरी दुपारी. मधली भूक मिश्रीवर मारायची. मी म्हटलं, आधी मधल्या वेळची सोड, गूळ-शेंगदाणे जवळ ठेव. ती खरंच कमी करत आली होती. मग तपासणीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं तिला रांगेतल्या सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, "मूल मारायला निघालीस का?"

त्यानंतर ती आलीच नाही. मी तिच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या खोपटावर, गेले तर डबी पदराआड सरकवून म्हणाली, "सोडली." रक्तवाढीच्या गोळ्याही तिनं तेव्हाच सोडल्या होत्या. दिवस भरायच्या आतच कोपीत बाळंत झाली. बाळ पावणेदोन किलोचं. छातीशी बांधून, चमच्यानं दूध पाजून जगवलं.

ते मिश्रीमुळं, की मोळ्या वाहिल्यामुळं, की उपासमारीमुळं? मी छातीठोक सांगू शकत नाही. नवऱ्याच्या खिशातल्या पुडीबद्दल मात्र त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीची मी इथं भांडेल: भीती घातल्यावर सोडणाऱ्याही असतात की! असतात, मी पाहिल्यात. कधी वाटतं, मीच कडक बोलले असते तर त्या पोरीनं ऐकलं असतं. आणि कमी कर म्हणणं म्हणजे थोडी चालते असं सांगणं नव्हे का, हा डॉक्टरांचा आक्षेपही खोटा नाही. गरोदरपणात सुरक्षित असं मिश्रीचं माप नाही. हे मी प्रत्येकीला सांगते. पण ते ऐकून घ्यायला ती पुढच्या तपासणीलाही माझ्यासमोर बसलेली हवी, आणि डबी लपवायची वेळ तिच्यावर यायला नको.