तुम्ही विचारलंत म्हणून: खेळाच्या गप्पांत मी काळं-गोरं कशाला आणतो?

"अरे खेळ खेळासारखा बघ ना, त्यात काळं-गोरं कशाला?" हे मला वर्षातून दोनदा तरी ऐकावं लागतंच. एकदा सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम मॅचच्या) आसपास हॉल ऑफ फेमची, म्हणजे या खेळातल्या थोर लोकांच्या संग्रहालयाची, नावं जाहीर होतात तेव्हा आणि एकदा ऑगस्टमध्ये कॅन्टनला, म्हणजे ते संग्रहालय आहे त्या गावी, सोहळा असतो तेव्हा. ऑफिसात विचारतात, मंडळाच्या गणपतीत विचारतात, आणि पुण्याहून मामा तर फोनवर म्हणतो, तू तिकडे जाऊन उगाच दुसऱ्यांच्या भांडणात पडतोस. तर एकदाच लिहून टाकतो.

आधी दोन वाक्यं नवीन लोकांसाठी. हे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचं नव्हे, अमेरिकेतलं, अंडाकृती बॉल हातात धरून धक्काबुक्की करत पळायचं. यातला क्वार्टरबॅक म्हणजे डाव मांडणारा माणूस, समोरच्यांची मांडणी बघून कुठे पास टाकायचा ते दोन-तीन सेकंदात ठरवणारा, म्हणून सगळं कौतुक त्याला आणि सगळ्या शिव्या पण त्यालाच.

मी ओहायोत राहतो, कॅन्टन तासाभरावर. पोरगा लहान असताना त्याला पहिल्यांदा घेऊन गेलो, तिथे ओळीने ब्राँझचे अर्धपुतळे आहेत, सगळे एकाच रंगाचे, आणि पोरगं म्हणालं, बाबा, यात ब्लॅक कोण आणि व्हाइट कोण ते कसं ओळखायचं? मी हसलो आणि पुढे गेलो, पण घरी येऊन कोण कधी आत आला ते वाचत बसलो आणि तिथे माझी झोप उडाली.

1963 ला हॉल उघडला तेव्हा पहिल्या तुकडीत 17 जण घेतले, त्यात जॉर्ज प्रेस्टन मार्शल, वॉशिंग्टनच्या टीमचा मालक. याने 1962 पर्यंत एकही काळा खेळाडू घेतला नव्हता, बाकी सगळ्या टीम्स घेऊन मोकळ्या झाल्या तरी नाही. शेवटी घेतला तो पण सरकारने दम दिला म्हणून, कारण नवीन स्टेडियम सरकारी जागेवर होतं. त्या वर्षी बॉबी मिचेल आला, क्लीव्हलंडकडून. आणि दुसरीकडे फ्रिट्झ पोलार्ड, 1920 ला अ‍ॅक्रनला चॅम्पियन करणाऱ्या टीममधला, पुढच्याच वर्षी तिथे कोच, म्हणजे या लीगचा (एनएफएलचा) पहिला काळा कोच, अ‍ॅक्रन आणि कॅन्टन म्हणजे अगदी शेजारची गावं, आणि याला आत घ्यायला 2005 उजाडलं. माणूस 1986 लाच गेला होता.

यावर लोक सांगतात, मतदारांना फक्त मैदानावरचंच बघायची सूचना असते. ठीक आहे, मैदानावरचंच बघू. मार्शलची टीम 1960 ला 12 मॅचेसमधली एक जिंकली आणि 1961 ला 14 मधली एक. चांगले खेळाडू रंग बघून नाकारायचे आणि मग हरायचं, हे मैदानावरचं नाही तर काय स्वयंपाकघरातलं?

आता आकडे. ऑफिसातला माझा एक मित्र, सच्चा माणूस, नेहमी म्हणतो की आकड्यांना रंग नसतो. मी त्याला दर वेळी केनी वॉशिंग्टनचं नाव सांगतो आणि त्याला ते दर वेळी नवीन असतं. 1934 ते 1945 या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता, नियम कुठे लिहिलेला नाही पण नव्हता. केनी कॉलेजात जॅकी रॉबिन्सनच्या (पुढे बेसबॉलमधली रंगाची भिंत मोडली तो) टीममध्ये होता, 1939 च्या सीझनमध्ये देशात गाजला, आणि लीगचं दार उघडेपर्यंत 1946 उजाडलं. तेही लॉस एंजेलिसचं स्टेडियम पब्लिकचं होतं आणि तिथल्या काळ्या पत्रकारांनी आवाज उठवला म्हणून, बेसबॉलमध्ये जॅकी येण्याच्या एक वर्ष आधी. तोवर केनीचे गुडघे गेले होते. तरी 1947 ला लीगमध्ये सगळ्यात जास्त, दर वेळी बॉल घेऊन सरासरी 7.4 यार्ड पळाला. एकूण तीन सीझन. कॅन्टनमध्ये नाही. आता याचे आकडे कुठून आणू? जी वर्षं खेळूच दिली नाहीत त्यांचे आकडे कुठल्या वहीत असतात?

क्वार्टरबॅकचं तर वेगळंच. मार्लिन ब्रिस्कोने 1968 ला डेन्व्हरकडून चांगलं खेळून दाखवलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमने त्याला पास पकडायला उभा केला. वॉरन मून 1978 च्या जानेवारीत रोझ बोल या कॉलेजच्या मोठ्या मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये (टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात) त्याला कोणीच घेतलं नाही, म्हणून कॅनडात गेला, तिथे लागोपाठ पाच ग्रे कप (तिथली चॅम्पियनशिप) जिंकला, मग 1984 ला ह्यूस्टनने घेतला तेव्हा वय 27. इथे परत 49,325 यार्ड पास केले आणि 2006 ला कॅन्टन, तिथला आधुनिक काळातला पहिला काळा क्वार्टरबॅक. लोक म्हणतात, बघ, घेतला की नाही! घेतला हो. पण त्याच्याइतका हट्ट नसलेले किती जण कॅनडात न जाता घरी बसले असतील?

कॉमेंट्रीतली भाषा पण ऐका कधी. काळा खेळाडू म्हणजे "नॅचरल अ‍ॅथलीट", गोरा म्हणजे "डोक्याने खेळतो". हे ऐकलं की मला आपले दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू आठवतात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या, पण हिंदू टीमचं कॅप्टनपद जात बघून कधी दिलं नाही. बॉल टाक, डोकं आम्ही चालवतो. तर मामा, भांडण इतकं पण दुसऱ्यांचं नाही.

पण सगळंच रंगावरून होतं असं पण मी म्हणत नाही, हे जरा ऐका. 1999 च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाच्या फॅन्सनी काळा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅबचं नाव ऐकून हुर्यो उडवली, ते सांगून लोक रडतात, पण त्या पब्लिकला हवा होता तो रिकी विल्यम्स पण काळाच होता! रेसचा प्रकार झाला तो 2003 ला, रश लिंबॉ हा रेडिओवाला टीव्हीवर बोलला की काळा क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा असं मीडियाला वाटतं म्हणून मॅकनॅबचं जास्त कौतुक होतं, आणि त्याला ती नोकरी सोडावी लागली. हे दोन किस्से एकाच पिशवीत घातले की आपलीच बाजू लंगडी होते.

आणि मॅकनॅब कॅन्टनला जावा का? त्याचे टचडाउन पास (ज्यावर गुण मिळतात ते) 234, गोऱ्या क्वार्टरबॅक ट्रॉय एकमनचे 165, तरी एकमन आत, कारण त्याच्याकडे तीन सुपर बोल आहेत. मला ते पटतं. मॅकनॅबला मी मत दिलं नसतं, माझा फिलाडेल्फियाचा मित्र यावरून दोन महिने बोलला नाही. पण मग गोरा क्वार्टरबॅक जो नेमथ 173 टचडाउन आणि 220 इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) घेऊन आत बसलाय, का तर 1969 च्या जानेवारीत सुपर बोल जिंकणारच म्हणून छातीठोक सांगितलं आणि जिंकून दाखवलं. इतिहास घडवला म्हणून आत घेता ना? डग विल्यम्सने 1988 ला सुपर बोलमध्ये एका क्वार्टरमध्ये चार टचडाउन पास टाकले, डेन्व्हरला 42-10 हरवलं, सुपर बोल जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक. तो नाही आत. तिथे लगेच "एकूण करिअर बघा". फूटपट्टी एकच ठेवा एवढंच माझं म्हणणं आहे, मग डग विल्यम्स बाहेर राहिला तरी मी गप्प बसेन.

मित्राला मागच्या आठवड्यात हे सगळं परत सांगितलं. तो म्हणाला, केनी कोण म्हणालास?