घर कोणाच्या नावावर?

कादंबरी वाचताना मी नायिकेच्या प्रेमाआधी तिच्या घराची चौकशी करते. ती राहते ते घर कोणाचे, त्याचे भाडे किंवा हप्ता कोण भरते, आणि भांडण विकोपाला गेलेच तर त्या घरातून पिशवी उचलून बाहेर कोणाला पडावे लागेल, हे कळल्याखेरीज तिच्या सुखदुःखात माझे मन नीट शिरत नाही. ही सवय मला समीक्षेच्या पुस्तकांनी लावली नाही, कोकणाने लावली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत नाहीतर कोणाच्या तरी पेढीवर राहिले, आणि मागे बायकांनी सासूसासरे, गुरेढोरे, भातशेती आणि कलमे सांभाळली. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, एरवी यायची ती त्याची मनीऑर्डर. त्यामुळे बाईने एकटीने राहण्याचे येथे कोणाला फारसे अप्रूप नाही. अप्रूप आहे ते तिच्या स्वतःच्या नावावर असलेल्या छपराचे, कारण सातबाऱ्यावर आजोबा, त्यांचे भाऊ आणि त्या भावांचे मुलगे अशी वीसपंचवीस नावे ओळीने उभी असतात आणि जिने त्या जमिनीत आयुष्य घातले तिचे नाव बहुधा नवरा वारल्यानंतरच तेथे लागते.

या कसोटीवर माझी सर्वांत लाडकी नायिका म्हणजे शांता गोखले यांची रीटा वेलिणकर. लेखिकेचा जन्म डहाणूचा, म्हणजे आमच्याच किनाऱ्याच्या वरच्या टोकाचा, आणि नायिकेचे आडनाव ऐकताच ‘म्हणजे आपल्याच बाजूची गो!’ असे आमच्या शेजारच्या काकूंनी पुस्तक हातात घेण्याआधीच जाहीर करून टाकले होते. 1990 साली आलेली ही कादंबरी रीटाच्या पराक्रमाने नव्हे, तर तिच्या कोसळण्याने सुरू होते. मन पार थकून गेलेली रीटा रुग्णालयात आहे आणि तेथे पडल्यापडल्या ती आपले आजवरचे आयुष्य एकेका धाग्याने उसवून पाहते. साहेबी रुबाबाचे वेड असलेले वडील, त्या वेडाला साथ देणारी आई आणि पाठच्या बहिणी, असा सगळा संसार या मुलीच्या पगारावर उभा आहे. ज्या वयात मुलीने स्वतःचे काय करायचे ते ठरवावे, त्या वयात ती कचेरीत रुजू झालेली असते. त्याच कचेरीतला तिचा वरिष्ठ साळवी हा विवाहित माणूस तिच्या आयुष्यात येतो आणि वर्षानुवर्षे तिला ना धड जवळ घेतो ना मोकळी करतो.

साळवीला खलनायक करणे किती सोपे होते! तसे केले असते तर वाचकाला राग काढायला एक जागा मिळाली असती आणि कादंबरी तेथेच संपली असती. शांताबाईंनी तो मोह टाळला आहे. साळवी वाईट नाही, सोयीस्कर आहे, आणि सोयीस्कर माणसापासून सुटणे हे वाईट माणसापासून सुटण्यापेक्षा अवघड असते, हे रीटाला ज्या गतीने कळते त्याच गतीने ते आपल्यालाही कळत जाते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तिची मैत्रीण सरस्वती. मराठी कादंबरीत नायिकेला मैत्रीण असते ती बहुधा निरोप पोचवायला किंवा नायकाची स्तुती करायला. सरस्वती मात्र रीटाला खरोखर पाहते, तिच्यावर चिडते, तिला उलट प्रश्न विचारते, आणि या कादंबरीतले सर्वांत टिकाऊ नाते या दोघींचेच आहे असे मी खुशाल म्हणेन. पुढे 2009 साली लेखिकेच्या कन्या रेणुका शहाणे यांनी यावर ‘रीटा’ हा चित्रपट केला आणि पल्लवी जोशी यांनी रीटा उभी केली. तो मी आवडीने पाहिला, पण रीटा स्वतःशी ज्या फटकळपणे बोलते तो फटकळपणा कागदावरच जास्त खुलतो.

पुस्तक परत करताना काकूंनी साळवीबद्दल चकार शब्द काढला नाही. ‘तिचा पगार घरात जात होता तोवर तिच्या लग्नाची घाई कोणाला असणार?’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांना ठाऊक नसेल, पण हाच प्रश्न 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहाने विचारला होता आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातले इतक्या उघडपणे लिहिणारी ही विभावरी शिरूरकर आहे तरी कोण, याचा शोध लोक घेत राहिले. त्या मालतीबाई बेडेकर होत्या, हे पुढे कळले. मुलीच्या कमाईवर चालणारे घर आणि त्या घराला तिच्या लग्नाविषयी नसलेली उतावीळ त्यांनी पाहिली होती. सत्तावन्न वर्षांनी रीटा त्याच घरातून बाहेर पडते, तेव्हा तिच्या अंगावरचे कपडे आणि हातातले काम बदललेले असेल. पगार मात्र तसाच पहिल्या तारखेला दुसऱ्याच्या हातात जातो.

2005 हे वर्ष माझ्या दृष्टीने मोठे भाग्याचे, कारण त्या एका वर्षात मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ आणि कविता महाजन यांची ‘ब्र’ अशा दोन कादंबऱ्या आल्या आणि दोहोंच्या नायिका नवऱ्याच्या घराबाहेर पडलेल्या आहेत. याहून त्यांच्यात फारसे साम्य नाही. ‘नातिचरामि’ची मीरा आत वळते. लग्न, शरीर, वासना, एकटेपणा, पुरुषांची भीती आणि पुरुषांची ओढ यांविषयी ती इतके थेट बोलते की पहिल्या वाचनात मी पुस्तक घरातल्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवले होते. तिचे बोलणे मला अनेकदा अती वाटते, ती स्वतःच्या वेदनेवर लुब्ध आहे की काय अशीही शंका येते, तरीही ती कोणाकडून कीव मागत नाही आणि आपण चांगल्या आहोत हे पटवून द्यायला जात नाही, हे तिचे मोल फार मोठे आहे.

‘ब्र’ची प्रफुल्ला बाहेर वळते. घर सुटल्यावर ती एका स्वयंसेवी संस्थेत कामाला लागते आणि आदिवासी पाड्यांत फिरून निवडून आलेल्या महिला सरपंचांशी बोलू लागते. 1993 मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या, पुढे 2011 मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या, हे आपण नागरिकशास्त्रात पाठ करतो. त्या जागेवर बसलेल्या बाईचे पुढे काय होते ते ‘ब्र’ सांगते. तिच्यावर अविश्वासाचा ठराव कसा आणतात, सही कोठे करायची एवढेच तिला कसे दाखवतात, आणि हिशेब विचारला की सगळ्यांनाच तिचे चारित्र्य एकाएकी कसे दिसू लागते! आमच्या शेजारच्या गावातली ग्रामसभा मी पाहिलेली आहे. सरपंचबाई मधल्या खुर्चीत बसलेल्या, डोक्यावर पदर, पुढ्यात इतिवृत्ताची वही. बाजूला उभे असलेले त्यांचे यजमान प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते आणि सहीची वेळ आली की वही पंचवीस अंश फिरवून बोटाने जागा दाखवीत होते. त्यानंतर ‘ब्र’ पुन्हा वाचली तेव्हा ती मला कादंबरीपेक्षा पंचनामा वाटली, आणि हे मी कौतुकाने म्हणते आहे. काही जणांना तिच्यातला अहवालीपणा खटकतो. मला तो हवासा वाटतो, कारण प्रफुल्ला हळूहळू स्वतःचे दुःख बाजूला सारून दुसरीचे ऐकायला शिकते आणि ते शिकणे भाषेतूनच दिसावे लागते. शिवाय कविताताईंनी संस्थांनाही सोडलेले नाही. बायकांच्या उद्धाराच्या नावाखाली चालणारे आपापसातले राजकारण त्यांनी तितक्याच निष्ठुरपणे मांडले आहे. 2018 मध्ये त्या अकालीच गेल्या. ‘भिन्न’ आणि ‘कुहू’नंतर त्या आणखी कोठे वळल्या असत्या, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

गौरी देशपांडे यांचे नाव मी इतक्या उशिरा घेते आहे याचा त्यांच्या चाहत्यांना राग येईल. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी त्यांच्या नायिकांच्या प्रेमातच होतो. देशोदेशी फिरणाऱ्या, बुद्धिमान, पुरुषाशी बरोबरीने वाद घालणाऱ्या त्या बायका एस्टीच्या पासावर शिकणाऱ्या मुलींना परग्रहावरच्या वाटत. आता मात्र माझी चौकशी आड येते. त्या नायिकांना पैशाची चिंता सहसा नसते, आणि जिला चिंता नाही तिचे स्वातंत्र्य वाचायला सुरेख असले तरी उसने आणता येत नाही. त्यापेक्षा ‘विंचुर्णीचे धडे’ हे त्यांचे फलटणजवळच्या गावातल्या वास्तव्याविषयीचे पुस्तक, कादंबरी नसूनही, मला अधिक जवळचे आहे. सानियांच्या नायिकांची घरे नीटनेटकी, स्वतःच्या पैशांची आणि बहुधा दूरच्या शहरांतली असतात आणि त्यांच्या शांतपणाचा मी आदर करते. आशा बगे यांच्या ‘भूमी’ला 2006 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तिच्यातली मैथिली अनेकींची लाडकी आहे, माझी ती होऊ शकलेली नाही, कारण तिची समजूत मला माणसाच्या आवाक्याबाहेरची वाटते.

इंग्रजीत लिहिलेली असली तरी शशी देशपांडे यांची ‘दॅट लाँग सायलेन्स’ (1988) मी या यादीतून वगळू शकत नाही, कारण घराचा प्रश्न इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी हाताळला आहे. कचेरीतल्या गैरव्यवहाराच्या चौकशीला तोंड द्यायची वेळ येते तेव्हा जयाचा नवरा मोहन चर्चगेटचे ऐसपैस घर सोडून तिला घेऊन दादरच्या लहानशा जागेत येतो, आणि ती जागा जयाच्या माहेरकडून आलेली असते. आजवर त्याच्या घरात ती राहिली, आता तिच्या घरात तो लपून बसला आहे. एवढ्या एका बदलाने त्यांच्या संसारातली सगळी वजने हलतात. लग्नात तिचे नाव बदलून सुहासिनी ठेवलेले असते. तिने लिहिलेली एक गंभीर कथा बक्षीस मिळवते, पण तीत आपणच आहोत असे वाटून मोहन दुखावला जातो, आणि त्यानंतर ती कोणालाही न दुखावणारे, गमतीदार सदर ‘सीता’ या नावाने लिहीत राहते. नवऱ्याने लिहायला बंदी घातली असती तर तिने कदाचित बंड केले असते. तो फक्त दुखावतो. त्या दुखावण्यापुढे किती वह्या मिटल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही वाङ्मयाच्या इतिहासात सापडणार नाही.

राहता राहिले कोकण. येथल्या बाईवरची मोठी कादंबरी म्हटली की श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’ आठवते. नवरा घर सोडून गेल्यावर मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबात वेगळी चूल मांडणारी तिची नायिका मला पाठ आहे. 1962 मध्ये हे लिहून पेंडशांनी मोठेच काम केले, पण ते एका पुरुषाने बाहेरून, आदराने पाहिलेले आयुष्य आहे. आतून लिहिलेले हवे असेल तर ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’कडे वळावे लागते. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावातले त्यांचे बालपण, बांबूची आयदाने विणून मुलांना वाढवणारी विधवा आई, डोक्यावर भारे घेऊन डोंगर उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या दलित वस्तीतल्या बायका आणि वाटेतले त्यांचे थट्टामस्करीचे, शिव्यांचे, रडण्याचे बोलणे हे सारे 2003 साली छापून आले, तेव्हा हापूस आणि माडांपलीकडचे कोकण अनेकांना पहिल्यांदा दिसले. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे. पण त्यातली आई ही मराठीतल्या कोणत्याही नायिकेच्या शेजारी बसवावी अशी आहे.

मला वाचायला हवी आहे ती माझ्या आत्येसारख्या बाईची कादंबरी. महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलग्यांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, आणि त्याबरोबर गावोगावी हक्कसोडपत्रांचे पीक आले. भावांनी आत्याला गाडी पाठवून तालुक्याला नेले. तेथे तिने अंगठे दिले, सह्या केल्या, फोटो काढून घेतला, मग भावांनी तिला हॉटेलात जेवू घातले, हिरवी साडी घेतली आणि संध्याकाळच्या एस्टीत दोन फणसांसह बसवून दिले. हे सगळे ती हसत सांगते. माहेर तुटू नये म्हणून तिने जाणूनबुजून तो सौदा केला होता आणि आपण काय दिले व काय घेतले याची तिला पक्की जाण होती. तिला अडाणी, बिचारी किंवा शोषित यांपैकी काहीही म्हटले तर ती उठून जाईल. अशा बाईच्या मनात त्या एस्टीच्या प्रवासात काय चालले असेल ते लिहायला रीटाला उभी करणाऱ्या लेखणीचा निर्दयपणा लागेल.

तोवर, या लेखिका ज्यांनी अजून वाचलेल्या नाहीत त्यांनी ‘ब्र’पासून आरंभ करावा, कारण ती पहिल्या पानापासून धरून ठेवते. त्यानंतर ‘रीटा वेलिणकर’ घ्यावी. ‘नातिचरामि’ त्याच्या नंतर, आणि तीही मीरेशी भांडायची तयारी ठेवून.