पाच लाख ट्रॅक्टर खपवणारी टॉप लिंक

फोर्डसन एफ हा ट्रॅक्टर १९१७ साली आला आणि १९२८ पर्यंत अमेरिकेत सात लाखांहून जास्त बनले. स्वस्त होता, म्हणून खपला. पण नांगर मागे नुसता ओढला जाई. फाळ दगडात अडकला की चाकं जागीच थांबत, इंजिनाचा जोर मात्र चालूच. मग तो जोर सगळं धूड मागच्या आसाभोवती उलटं फिरवी. पाय क्लचवर पोचेपर्यंत चालक खाली.

आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडला. खालचे दोन आर्म ओढतात, वरचा मधला दांडा, म्हणजे टॉप लिंक, दाबली जाते. फाळ अडला की हाच दाब पुढची चाकं जमिनीला चिकटवून ठेवतो. त्याचा टीई२० १९४६ ते १९५६ मध्ये पाच लाखांहून जास्त खपला. त्याच जोडणीचा फोर्ड ८एन १९४७ ते १९५२ मध्ये तेवढाच. आपल्याकडची मॅसी फर्ग्युसन १०३५ याच घराण्यातली.

कोकणात हे सगळं फार जवळचं आहे. वरकस जमिनीत वीतभर मातीखाली जांभा लागतो. तिथे नांगर ड्राफ्टच्या लिव्हरवर चालवावा. ओढ वाढली की लिफ्ट आपोआप नांगर उचलते. चिखलणीला रोटाव्हेटर असेल तर पोझिशनच्या लिव्हरवर, ती अवजार ठरलेल्या उंचीवर धरते. टॉप लिंक आखूड केली की फाळाचं तोंड खाली जातं, म्हणून कातळाजवळ ती थोडी लांब ठेवा. खाऱ्या हवेत तिचे आटे गंजून जाम होतात. पावसाळ्याआधी पूर्ण उघडा, तारेच्या ब्रशने घासा, ग्रीस भरा. पिनऐवजी बाजारातला साधा बोल्ट घालू नका, तो वाकतो आणि मग निघतही नाही.

दोर किंवा साखळी टॉप लिंकच्या ब्रॅकेटला कधीच बांधू नका. ओढ आसाच्या वर लागली की फर्ग्युसनची सगळी सोय फुकट जाते आणि ट्रॅक्टर फोर्डसनसारखाच मागे उलटतो. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढपट्टीलाच.

खाचरात रुतल्यावर मागच्या चाकाला माडाचा ओंडका बांधून पुढे काढायची पद्धत सर्रास दिसते. कृपा करून ती सोडा. ओंडका चिखलात रोवला की चाक फिरायचं थांबतं आणि पुढचं तोंड आभाळात जातं. अवजार उतरवा, चाकामागचा चिखल फावड्याने काढा आणि रिव्हर्सने बाहेर या. रिव्हर्समध्ये पुढचा भाग उचलला न जाता दाबला जातो. तरी निघाला नाही तर दुसरा ट्रॅक्टर लावा, साखळी लांब घ्या आणि मध्ये कुणाला उभं राहू देऊ नका.