तुम्ही विचारलंत म्हणून: तक्रार का केली नाही?

मोठ्या कंपनीने छोट्या कारखानदाराचे बिलाचे पैसे अडवले तर कायदा आहे, पोर्टल आहे, वर व्याजही मिळतं. मग तक्रार का करत नाही? हे मला भाच्याने विचारलंय, सीएने विचारलंय, बँकेतल्या साहेबांनी विचारलंय. गेल्या महिन्यात एका कॉलेजात लघुउद्योगांवर बोलायला गेलो होतो, तिथे एका मुलीनेही विचारलं. तिला मी दोन वाक्यांत गुंडाळलं. घरी आल्यावर वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

कायदा मला तोंडपाठ आहे. 2006 चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. करारात काहीही लिहिलेलं असो, सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत. अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. 2017 मध्ये अशा तक्रारींसाठी सरकारचं समाधान पोर्टल सुरू झालं, तेव्हा आमच्या संघटनेच्या बैठकीत उभा राहून मीच म्हणालो होतो, की यापुढे जो तक्रार करणार नाही त्याने रडू नये. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतले एक वयस्कर कारखानदार तेवढे गप्प बसून होते. त्यांचा मला रागच आला होता.

दोन वर्षांनी माझी पाळी आली.

2019. गाड्यांचा खप पडलेला. माझ्याकडे सात कामगार, दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, आणि ज्याच्यावर धंदा सुरू केला तो धातू कातायचा जुना लेथ. एका मोठ्या कंपनीचं मशिनिंग आम्ही करायचो, माल त्यांचा आणि काम आमचं. 14 मेचं बिल आठ लाखांचं, 18 टक्के जीएसटी धरून 9,44,000. त्यातले कराचे 1,44,000 मी 20 जूनच्या आत भरले. बिल फाडलं की कर भरायचा, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. 45 दिवस गेले, 90 गेले. नव्वदीच्या पुढची येणी आमची बँक सीसीच्या, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या, हिशेबात धरत नाही, त्यामुळे तिकडून पैसे येईनात आणि इकडे उचलही कमी झाली.

दसऱ्यानंतर एका रात्री फॉर्म भरायला बसलो. उद्योग आधार क्रमांक, पीओ म्हणजे त्यांची लेखी ऑर्डर, बिल, सही-शिक्क्याची चलनं, सगळं काढून ठेवलं. शेवटचं बटण सकाळी दाबू म्हणून झोपलो. सकाळी दहाला त्यांच्या पर्चेसमधून फोन. "साहेब, नोव्हेंबरचं शेड्यूल काढतोय. तुमचं नाव ठेवू ना?" बाकी काही नाही. फॉर्मचं त्याला कळणं शक्यच नव्हतं. धमकी तर अजिबात नव्हती, बिचारा आपुलकीने विचारत होता. माझं साठ टक्के काम त्या एका दारातून यायचं. मी म्हणालो, ठेवा.

फॉर्म तसाच राहिला.

दिवाळीचा बोनस द्यायचा होता. 18 ऑक्टोबरला लेथ विकला, 1,60,000 ला. आमचा टर्नर बारा वर्षं त्या लेथवर उभा होता. टेम्पो आला तेव्हा तो काही बोलला नाही. कॉटन वेस्ट घेऊन बेडवरचा कीस झाडला, ऑइलचा हात फिरवला. चकची चावी सुतळीने टूलपोस्टला बांधली, नव्या माणसाला शोधत बसायला नको म्हणून. लेथ गेल्यावर जमिनीतून वर आलेले चार फाउंडेशन बोल्ट ग्राइंडरने कापले, कुणाला ठेच लागू नये. संध्याकाळी बोनसचं पाकीट त्याने न उघडता खिशात ठेवलं.

पैसे 6 नोव्हेंबरला आले. लेथ जाऊन एकोणीस दिवस झाले होते. बिलाचा तो 176 वा दिवस. खरेदीदाराने 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावरच्या जीएसटीची घेतलेली वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, त्याला व्याजासकट परत करावं लागतं. माझा 45 वा दिवस त्यांच्या अकाउंट्सला दिसला नाही, स्वतःचा 180 वा बरोबर दिसला. शिवाय रिजेक्शनच्या नावाखाली 22,000 ची डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे कापले. रिजेक्ट झालेला एकही जॉब मला दाखवला नाही. व्याज मी मागितलं नाही.

हो, घाबरलो. पण हे नुसतं माझ्या भित्रेपणाचं प्रकरण आहे असं कुणी म्हणू नये. 2015-16 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशात सूक्ष्म, लघु आणि मध्यम मिळून 6 कोटी 33 लाख उद्योग होते आणि त्यांत 11 कोटी 10 लाख माणसं कामाला होती. त्यातले 99 टक्क्यांहून जास्त सूक्ष्म, म्हणजे माझ्याएवढे किंवा माझ्याहून लहान. भाषणांत आम्हाला अर्थव्यवस्थेचा कणा म्हणतात. मला रोज दिसतं ते वेगळंच: मोठ्यांचं खेळतं भांडवल आम्ही पुरवतो, बिनव्याजी, आणि त्यासाठी बँकेला व्याज भरतो. कायदा मला वादी करतो. पण वादी झालो की मी त्यांचा व्हेंडर उरत नाही, आणि कलमांत त्यावर काही उपाय नाही.

अजून एक गोष्ट आहे, ती त्या मुलीला सांगायला धीर झाला नाही. त्याच वर्षी आमच्या हार्डनिंगवाल्याचे, म्हणजे भट्टीत तापवून आमचे जॉब कडक करून देणाऱ्याचे, पैसे मी 70 दिवसांनी दिले. त्याच्याकडे दोन पोरं आणि एक भट्टी. त्यानेही तक्रार केली नाही. मी फोन करून "पुढचा लॉट पाठवू ना?" असंच विचारत होतो.

एप्रिल 2024 पासून आयकरात 43बी(एच) लागू झालं. आमचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा मिळत नाही. खरंच फरक पडला, दोन ग्राहक चाळिसाव्या दिवशी पैसे सोडायला लागले. तिसऱ्याने मात्र फोन करून विचारलं, उद्यम नोंदणी, म्हणजे ज्यावर हा नियम लागू होतो ती लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, रद्द करून घेता का, म्हणजे काम चालू ठेवता येईल. 2017 चा मी त्याला तिथल्या तिथे नाही म्हणाला असता. मी म्हणालो, सीएशी बोलून सांगतो. सीएशी अजून बोललेलो नाही.