एका चौकटीवर एकोणचाळीस सेकंद

माझ्या फिल्मच्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीक खूण असते. फिल्म सरकत असली की ती लुकलुकते. मोटर चालू, फूट मोजणारा काटा पस्तिसावर, समोर नागपूरच्या इतवारीत, नेहरू पुतळ्याच्या चौकात पिवळी मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात तो भला मोठा पुतळा) डुलत डुलत येतेय, आणि ती खूण मात्र मेल्यासारखी स्थिर.

कधीपासून स्थिर, हे मला माहीत नव्हतं. पोटात गोळा आला तो त्यामुळे.

मी पोटापाण्यासाठी लग्नं शूट करतो. दोन डिजिटल कॅमेरे, एक ड्रोन, एका लग्नाचं दोन दिवसांत सातशे-आठशे जीबी फुटेज. सुपर-८ चा, म्हणजे आठ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा हा हौसेचा भाग, एका भंगारवाल्याकडून घेतलेला आणि स्वतःच दुरुस्त केलेला. पण गेल्या वर्षी मुंबईच्या एका माहितीपटवाल्या बाईंना मारबत नेमकी त्याच कॅमेऱ्यावर हवी होती. बाईंनी तीन कार्ट्रिज, म्हणजे फिल्मच्या बंद डब्या, पाठवली, ट्राय-एक्स, कृष्णधवल, २०० एएसए (फिल्म उजेड किती झटकन टिपते त्याचं माप). फ्रेम रेट सेकंदाला २४ च ठेवा म्हणाल्या. एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म, फुटाला ७२ चौकटी, म्हणजे ३६०० चौकटी, म्हणजे अडीच मिनिटं. तिन्ही मिळून साडेसात मिनिटं. मिरवणूक चालते काही तास.

"मामा, साडेसात मिनिटात तर बडग्यासुद्धा गल्लीतून निघत नाही," भाचा म्हणाला. बडग्या म्हणजे मारबतीसोबत निघणारा पुरुषी पुतळा. भाचा माझ्याकडेच काम शिकतो. त्याच्या मोबाइलवर सुपर-८ सारखं दिसणारं ॲप आहे. त्यातले ओरखडे दर चार सेकंदांनी तेच ते येतात, हे मी त्याला दाखवलं, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

मी मनात हिशेब करून ठेवला होता. कार्ट्रिज, केमिकल, स्कॅनिंग सगळं धरलं तर ट्रिगर एक सेकंद दाबला की तर्री-पोह्याची एक प्लेट गेली. हा हिशेब मी भाच्यालाही सांगितला, आणि दिवसभर तो प्लेटा मोजत बसला.

आदल्या दिवशीची धावपळ वेगळीच. या कॅमेऱ्याच्या लाइट मीटरला पूर्वी पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बंद झाला. त्याला पर्याय म्हणजे कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा सेल. व्होल्टेज जवळपास तेच. दुकानातल्या पोराने मला मोठ्या आवाजात विचारलं, "काका, यंत्र जुनं आहे का तुमचं?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं.

बाईंना रंगीत फिल्म का नको होती, ते मला आधी कळलं नव्हतं. एक मारबत पिवळी, एक काळी, अख्खी गंमत रंगाचीच. मग लक्षात आलं की लेन्सवर नारिंगी फिल्टर चढवला तर पिवळा रंग फिल्मवर जवळजवळ पांढरा उतरतो आणि काळा काळाच राहतो. फिल्टर थोडा उजेडही खातो, ते बरंच होतं. या कॅमेऱ्यात शटरचा वेग हाताशी नसतो आणि भर दुपारी २०० ची फिल्म उजेडाने नुसती जळते. नशिबाने त्या दिवशी आभाळ होतं.

पहिलं कार्ट्रिज सकाळी जगनाथ बुधवारीत संपलं. पिवळी मारबत निघण्याआधी बायका लेकरं घेऊन तिच्या पायाशी गर्दी करतात. तिथे मी हात आखडता घेतला नाही. दुसरं बडग्यांवर गेलं. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, आणखी एक कुणाचा होता ते लिहीत नाही. सगळीकडे "घेऊन जा गे मारबत!" आणि मध्ये माझं काड्यापेटीएवढ्या खिडकीतून बघणं. पोट्टे विचारत होते, "भाऊ, खेळण्यातला आहे का?" एका पांढऱ्या मिशीच्या गृहस्थांनी मात्र हात धरून थांबवलं. "अरे, हा तर आठ एमएमचा! फिल्म भेटते का अजून?" भेटते म्हटलं. त्यांच्या काकांकडे जुन्या धर्तीचा होता. त्यात अर्धी फिल्म संपली की सावलीत जाऊन रीळ उलटं करून घालावं लागे. कोडॅकने १९६५ साली कार्ट्रिज आणलं आणि ती कटकट संपवली. खटकन घाला, झाकण लावा, चालू. त्या सोयीपायीच पुढे मी फसलो.

तिसरं कार्ट्रिज दोन्ही मारबतींच्या भेटीसाठी राखून ठेवलं होतं. त्यात जे झालं ते असं. कार्ट्रिजच्या आत फिल्म गुंडाळून घेणारा एक गाभा असतो. तो कधी कधी जाम होतो. फिल्म जागेवर थांबते, पण मोटर फिरत राहते, फुटांचा काटा मोटरवर चालतो म्हणून तोही पुढे जातो. एरवी हे कानाला लगेच कळतं. गाभा अडकला की कॅमेऱ्याची घरघर चढते, दातओठ खाल्ल्यासारखी. इथे दोन्ही बाजूंना ढोल, मागे डीजे. कान कामाचेच नव्हते. राहिली ती कडेची खूण, आणि मी चित्राच्या नादात तिच्याकडे बघितलंच नव्हतं. सातशे-आठशे जीबीची लग्नं कापत बसलेला माणूस खुणेकडे बघत नाही, ही माझी सवय झालीय. डिजिटलमध्ये लाल ठिपका दिसला की झालं.

समोर काळी मारबत वळणावर दिसायला लागली होती. मी एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावली, भाच्याला समोर आडवा उभा केला आणि झाकण उघडलं. उजेडात फक्त खिडकीतल्या चार-सहा चौकटी वाया जातात, बाकीची फिल्म आत सुरक्षित असते, हे ठाऊक असूनही हात थरथरत होते. कार्ट्रिज काढलं, तळहातावर आडवं दोनदा आपटलं, गाभा बोटाने फिरवला. आधी घट्ट, मग एकदम सैल. परत घातलं. खूण लुकलुकली.

"मामा, चालू झालं का?"

चालू झालं होतं, पण झाकण उघडलं की फुटांचा काटा शून्यावर येतो. माझ्या हिशेबाने पस्तीस गेले, पंधरा उरले, म्हणजे पंचेचाळीस सेकंद. भेट झाली तेव्हा मी ते पंचेचाळीस सेकंद कंजुषाच्या बोटांनी वापरले. चार सेकंद पिवळीचा चेहरा. सहा सेकंद काळीचा. मग मागे सरकून दोघी एका चौकटीत, आणि तिथे ट्रिगर सोडलाच नाही. काटा पंधरावर आला. फिल्म संपायला हवी होती. खूण लुकलुकतच होती. पुन्हा झाकण उघडून बघितलं, खिडकीत 'एक्स्पोज्ड' ही छापील अक्षरं दिसत नव्हती. म्हणजे फिल्म शिल्लक होती. आणि शिल्लक होती याचाच अर्थ आधीची कुठेतरी सरकलीच नव्हती.

पिवळी मारबत चौकात शिरताना जे घेतलं, ते बहुतेक गेलं, हे मला तिथेच उमगलं. उरलेली फिल्म वापरायचा उत्साहच राहिला नाही. मी कॅमेरा भाच्याच्या हातात दिला. "घे. संपव."

पोट्ट्याने दिवसभरात मोबाइलवर चाळीस मिनिटं शूट केलं होतं. कॅमेरा हातात आल्यावर अर्धा तास त्याने ट्रिगर दाबला नाही. डोळा लावायचा, काढायचा. "हे घेऊ का मामा?" मी म्हटलं, मला विचारू नको. तो महाल वस्तीपर्यंत असाच चालत आला, बोट ट्रिगरवर ठेवून. मग एका वाड्याच्या दारात लाकडी नंदी ओढत निघालेली मुलं दिसली, तान्ह्या पोळ्याची, तिथे तो खाली बसला.

तिन्ही कार्ट्रिज मी घरीच धुतली, निगेटिव्ह म्हणून, बाईंना विचारून. डेव्हलपर २० अंशांना हवा, आणि ऑगस्टमध्ये आमच्या नळाचं पाणी अठ्ठावीसच्या खाली येत नाही. गरम पाण्यात फिल्मवरचा थर फुगतो, बोट लागलं तरी सोलतो. नुसता बर्फ टाकून भागत नाही, कारण एक पाणी थंड आणि पुढचं कोमट झालं तर थराला बारीक जाळी पडते. म्हणून डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण), धुवायचं पाणी, सगळंच एका तापमानाला आणायचं. मी माठातलं पाणी घेतो आणि त्यात बर्फ मोजून टाकतो. त्या दिवशी घरात प्यायला फिल्टरचं कोमट पाणी होतं आणि बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं. अंधारात पक्कडीने कार्ट्रिज फोडायचं, ५० फूट फिल्म चाचपडत टाकीच्या चकलीत, म्हणजे आतल्या गोल चक्रीत, भरायची. तिसऱ्यावेळी बोटं घामाने चिकटत होती.

फिल्म दोरीवर वाळली तेव्हा टेप घेऊन मोजलं. बाविसाव्या फुटावर एका चौकटीचं छिद्र फाटलेलं. कॅमेऱ्यातला फिल्म ओढणारा आकडा तिथेच खरवडत बसला होता. आजूबाजूच्या पाच-सहा चौकटी झाकण उघडल्याने काळ्या झालेल्या, पण फाटक्या छिद्राजवळची सगळ्यांत काळी. बाविसापासून पस्तिसापर्यंत तेरा फूट, म्हणजे ९३६ चौकटी, म्हणजे ३९ सेकंदांची पिवळी मारबत, सगळी त्या एका मसुराएवढ्या चौकोनात एकावर एक. भिंगातून बघितलं. भिंगात काही दिसण्यासारखं उरलंच नव्हतं.

बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "भेट आली आहे ना?" आली होती. पांढरी पिवळी, काळी काळी, मागे ढगाळ आभाळ.

मग भाच्याचं बघायला घेतलं. नंदीवाली मुलं होती, चांगली होती, हे त्याला सांगितलं. पुढे एक खाटेवरची म्हातारी, पाच सेकंद. आणि त्यानंतर फिल्म संपेपर्यंत दहा सेकंद, अतिशय स्पष्ट, त्याचा स्वतःचा डावा बूट आणि हलणारा रस्ता. ट्रिगरला लॉक असतं, ते दाबलं गेलं की हात काढला तरी कॅमेरा चालूच राहतो, हे मी त्याला सांगायचं विसरलो होतो.

"दहा प्लेट," तो म्हणाला.